छिद्रं लहान, ऑपरेशन मोठंच

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरात दोन तट पडतात. एकाला वाटतं, दुर्बिणीतून केलं की दुसऱ्या दिवशी घरी. दुसरा म्हणतो, कॅन्सरच तो, पोट उघडल्याशिवाय मुळापासून निघेल कसा? दोघंही बाहेरच्या टाक्यांवरून आतल्या कामाचा अंदाज बांधतात.

आतलं काम दोन्हीकडे तेच. गाठ, तिच्या अलीकडचं-पलीकडचं निरोगी आतडं, त्याच्या रक्तवाहिन्या नि लसिका ग्रंथी असा सगळा भाग अखंड काढायचा आणि बहुतेक वेळा उरलेली टोकं जोडायची. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि चार-पाच छिद्रांतून कॅमेरा नि अवजारं घालतात. काढलेलं आतडं मात्र त्या छिद्रांतून बाहेर येत नाही. त्यासाठी बहुधा ४ ते ६ सेंटिमीटरचा छेद द्यावा लागतो आणि गाठ जखमेला घासू नये म्हणून त्याच्या कडांना प्लॅस्टिकचं आवरण लावतात. ‘दुर्बिणीतून केलं, मग हा टाका कशाचा?’ याचं उत्तर हे.

दुर्बिणीमुळे कॅन्सर पसरतो, ही भीती अगदीच हवेतली नव्हती. १९९०च्या दशकात छिद्रांच्या जागी गाठी उगवल्याच्या नोंदी झाल्या आणि सर्जन मंडळी धास्तावली. म्हणूनच मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिका-कॅनडातल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २००४ साली आला. तीन वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, उघड्या ऑपरेशनात १८. म्हणजे जवळपास सारखंच. जखमेत कॅन्सर उगवणं दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. आपल्याकडे लाडकी असलेली ‘हवा लागली की कॅन्सर पसरतो’ ही समजूतही इथेच निकालात निघते. हवा लागते ती पोट उघडल्यावर, आणि आकडे तर सारखेच!

मग फायदा काय? दुखणं कमी, वारा लवकर सरतो, जखम चिघळण्याचा धोका कमी. पण या चाचणीत रुग्णालयातला मुक्काम सहा दिवसांवरून आला पाचवर, एकावर नाही. ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नये, पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं. याच चाचणीत दुर्बिणीने सुरू केलेल्या दर पाचांतल्या एका रुग्णाचं पोट मध्येच उघडावं लागलं. त्याला ‘ऑपरेशन फसलं’ म्हणणं सर्जनवर अन्याय आहे; चिकटलेल्या आतड्यात हट्टाने दुर्बीण चालवणारा सर्जन अधिक धोक्याचा.

गुदाशयाची गोष्ट थोडी वेगळी. कटिभागातली जागा अरुंद. २०१५ साली एका मोठ्या चाचणीत दोन्ही पद्धतींत त्या जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण सारखंच, ५ टक्के आलं. त्याच वर्षी दोन चाचण्यांना मात्र दुर्बिणीने काढलेला भाग तितकाच निर्दोष असतो हे सिद्ध करता आलं नाही. इथे सर्जनचा हात किती बसलेला आहे, हे विचारावंच. पोटावर पिशवी लागेल की नाही, हे मुख्यतः गाठ गुदद्वारापासून किती अंतरावर आहे यावर ठरतं, दुर्बिणीवर नाही.

आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की टाके मोजत बसण्यापेक्षा त्यात दोन गोष्टी बघाव्यात: कापलेल्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का आणि किमान १२ लसिका ग्रंथी तपासल्या आहेत का.