कल्याण जंक्शन आणि दोन तालुके

कसारा आणि कर्जत हीं दोन नांवें कल्याणच्या फलाटावर रोज ऐकूं येतात. पण श्रोतेहो, येथूनच रूळ दुभंगले कां आणि या दोन फांट्यांमधला मुरबाड तालुका आगगाडीवांचून राहिला कां, याचें उत्तर सह्याद्रीपाशीं आहे.

पूर्वीं मुरबाड आडबाजूचें नव्हतें. सातवाहनकाळापासून वाहत्या असलेल्या नाणेघाटाचा पायथा याच तालुक्यांत, वैशाखऱ्याजवळ आहे. जुन्नराकडचा माल लादलेले बैलांचे तांडे तो घाट उतरून कल्याण बंदराच्या वाटेस लागत.

पण बैल जो चढ चढतो तो इंजिनास चढवत नाहीं. सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें, एवढी चढणसुद्धां रेल्वेस अतिशय कठीण. उभ्या, पायऱ्यांच्या नाणेघाटाचा तेथें काय पाड! म्हणून १८५४ सालीं कल्याणास पोहोंचलेल्या जी. आय. पी. रेल्वेनें दोनच घाट निवडले : नाशिककडे थळघाट आणि पुण्याकडे बोरघाट. या निवडीनेंच कल्याणचें जंक्शन झालें.

थळघाटाची वाट शहापूर तालुक्यांतून गेली. १८५५ सालीं वासिंद, १८६० सालीं आसनगांव आणि १८६१ सालीं कसारा, असे रूळ पुढें सरकले. तेथून इगतपुरी अवघी नऊ-दहा मैल; पण बोगदे आणि पूल बांधीत तेथें पोहोंचण्यास १८६५ साल उजाडलें. दुसरा फांटा १८५६ सालीं खोपोलीस गेला आणि १८६३ सालीं बोरघाट खुला झाला.

याचा परिणाम आजही दिसतो. शहापूरचा चाकरमान्या आसनगांवास लोकल धरून थेट मुंबईस जातो. मुरबाडकरास आधीं सडकेनें कल्याण गांठावें लागतें, मग गाडी. शिक्षण, नोकरी, दवाखाना, भाजीची विक्री, या साऱ्यांस ही पहिली मजल आडवी येते.

कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी म्हणूनच जुनी आहे. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. घाट ओलांडणें दुर्घट होतें हें खरें. परंतु मुरबाड गांव घाटमाथ्यावर नाहीं, पायथ्याच्या अलीकडे आहे. तेथवर रूळ नेण्यास सह्याद्री आड येत नाहीं. इंजिनियरांनीं एकोणिसाव्या शतकांत ज्या कारणास्तव मुरबाड वगळलें, तें कारण पुणें-नाशिकच्या वाटेपुरतें होतें. मुरबाडच्या माणसांपुरतें नव्हतें.