रंधा मारण्यापूर्वी

चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांतील सागवानी खुर्च्या परदेशातील लिलावात लाखो रुपयांना विकल्या गेल्याची वार्ता आता वाचकाला नवी राहिलेली नाही. ती अधूनमधून येते, तिच्यामागोमाग वारसा लुटला गेल्याचा आक्रोश होतो, सरकारदरबारी अर्ज जातात आणि पुढच्या लिलावापर्यंत सारे शांत होते. पिएर जनरे या स्विस वास्तुविशारदाने १९५१ ते १९६५ या काळात तेथे राहून घडवलेले हे सामान, वेत फाटला आणि सांधे ढिले झाले म्हणून गच्च्यांवर व आवारांत रचले गेले आणि भंगाराच्या भावाने निकालात निघाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याला सामान्यतः शंभर वर्षांचे वय लागत असल्याने त्याचे संरक्षण या खुर्च्यांना लाभले नाही, आणि केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला २०११ साली मनाई केली तोवर पुष्कळसा माल समुद्रापार पोहोचलेला होता, हेही पुष्कळदा लिहून झाले आहे. मात्र भंगाराचा ढीग आणि लिलावाचे दालन यांच्या दरम्यान एक कारखाना असतो, आणि त्या कारखान्यात नेमके काय घडते याची पृच्छा सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ साली ‘प्रॉव्हनन्स’ नावाचा एक चित्रपट केला. धनिकांच्या दिवाणखान्यांतून निघून लिलाव, दुरुस्ती आणि जहाजाचा प्रवास असे उलट्या दिशेने मागे जात तो चंडीगढच्या कचेऱ्यांपर्यंत येऊन पोहोचतो. या उलट्या प्रवासात एक विलक्षण विसंगती ध्यानात येते. परदेशातील दुरुस्तीत वेत नवा विणला जातो, गादीला नवे कापड चढते आणि लाकूड घासूनपुसून लखलखीत केले जाते. परंतु कुठल्याशा कारकुनाने खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला खात्याचा क्रमांक पुसला जाऊ नये, याची पराकाष्ठेची दक्षता घेतली जाते, कारण अस्सलपणाचा दस्तऐवज तोच. म्हणजे त्या लाकडावर पन्नास वर्षे टेकलेल्या हातांनी जी झळाळी आणली ती अनावश्यक ठरली, आणि जमाखर्चासाठी घातलेली खूण मात्र मोलाची! वस्तूच्या आयुष्यातले काय राखायचे आणि काय खरवडून टाकायचे, हा जीर्णोद्धाराचा आद्य प्रश्न असून त्याचे उत्तर पुष्कळदा सुताराऐवजी बाजार देत असतो.

सुताराचे काम सांध्यापासून सुरू होते. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही; आडव्या दिशेने मात्र ते प्रत्येक पावसाळ्यात फुगते आणि प्रत्येक उन्हाळ्यात आटते. खुर्चीच्या पायातील खाचेत आडव्या पट्टीची कूस बसवली, की दोहोंचे तंतू एकमेकांशी काटकोनात येतात, त्यांची फुगण्याची दिशा जुळत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत मधले चिकटद्रव्य तडकून खुर्ची कुरकुरू लागते. अशा वेळी घरोघरी जो उपाय होतो, तो म्हणजे एक जाडजूड खिळा ठोकणे. त्याने लाकूड चिरते, खिळा गंजून भोवती काळा डाग पडतो, आणि मूळचा साधा आजार असाध्य होऊन बसतो.

जुने सुतार सांध्यासाठी सरस वापरीत. जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेले याचे खडे रात्रभर पाण्यात भिजत घालावयाचे आणि दुहेरी भांड्यात सुमारे साठ अंशांपर्यंत ऊन करावयाचे. अधिक तापवला तर त्याचे बळ जाते. या पदार्थाला दुर्गंधी आहे, दमट हवेचे त्याला वावडे आहे, आणि कारागिराने उरक दाखवला नाही तर तो हाताखालीच थिजतो. असे असूनही त्याचा एक गुण सर्व दोषांवर मात करतो. कोमट पाण्याने तो मऊ पडतो, स्पिरिटच्या थेंबाने ठिसूळ होतो, मग मोगरीचा हलका ठोका दिला की सांधा लाकडाला इजा न होता सुटतो. शिवाय नवा गरम सरस जुन्याच्या अवशेषांत विरघळून त्यांच्याशी एकजीव होतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक बळकट आहे यात शंका नाही, पण त्याच्या वाळलेल्या थरावर तोच डिंक पुन्हा नीट धरत नाही, म्हणून दुसऱ्या दुरुस्तीच्या वेळी लाकूडच तासावे लागते. व्हायोलिन घडवणारे कारागीर आजही सरस सोडीत नाहीत, कारण ते वाद्य आज ना उद्या कोणाला तरी उघडावे लागणार, हे गृहीत धरूनच ते जोडलेले असते.

माझा पक्षपात येथे कबूल करून टाकतो: या साऱ्या विद्येत मला सर्वाधिक मोह आहे तो लाखेचा. पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर सूक्ष्म कीटकांची वसाहत वृक्षरस शोषते आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचते. ते कवच खरवडून, कुटून, धुऊन दाणेदार लाख होते. मग तिने भरलेली लांबलचक कापडी पिशवी भट्टीसमोर पिळीत, गाळून आलेला वितळता रस कारागीर हात, पाय आणि प्रसंगी दातही लावून पातळ पत्र्यासारखा ताणीत असत; त्या पत्र्याचे तुकडे म्हणजे चपडा. पळस व बोरीवरची रंगिनी आणि तिच्याहून फिकट व मोलाची कुसुमी या तिच्या दोन मुख्य जाती होत. झारखंड आणि छत्तीसगड हे तिचे माहेर, आणि आपल्या विदर्भातील गोंदियाची पेठही लाखेच्या व्यापाराने नावारूपाला आलेली. रांचीजवळ नामकूम येथे तिच्या संशोधनासाठी १९२४ सालीच संस्था स्थापन झाली.

हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, जवसाच्या तेलाचा एखादा थेंब बोळा घसरावा म्हणून लावीत, अतिशय पातळ असे कित्येक हात देणे याला पाश्चात्त्य जग फ्रेंच पॉलिश म्हणते; म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दिवाणखान्यांची ती सुप्रसिद्ध झळाळी बव्हंशी आपल्या रानातून गेलेली होती. लाखेच्या प्रत्येक नव्या हातातील स्पिरिट खालच्या हाताला किंचित विरघळवते, त्यामुळे सारे थर मिळून एकच पापुद्रा होतो. याचाच अर्थ, शंभर वर्षांपूर्वीच्या मेजावर आज ओरखडा उठला तर तेवढ्याच जागी नवी लाख देता येते. पाण्याच्या पेल्याने उठवलेले पांढरे कडे स्पिरिटच्या ओझरत्या पुसण्याने बहुधा नाहीसे होते. पॉलियुरेथेनचा काचेसारखा लेप एकदा रासायनिक क्रियेने घट्ट झाला की पुन्हा विरघळत नाही. तो उष्ण चहा सहन करील, सांडलेले मद्यही सहन करील, परंतु तो बिघडला की समूळ खरवडण्यावाचून गत्यंतर नाही.

खरवडण्याचे मोल किती असते, याचा एक दाखला अमेरिकेत प्रसिद्ध आहे. बॉस्टनच्या सेमूर पितापुत्रांनी घडवलेले पत्त्यांचे एक मेज कोणीतरी जुन्या सामानाच्या विक्रीत २५ डॉलरला घेतले. त्याचा जुना लेप खरवडलेला नव्हता, आणि १९९८ साली ते लिलावात पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. तेव्हापासून जुन्या वस्तूला हात लावणे म्हणजे पातक, असा समज दूरचित्रवाणीने घरोघर पसरवला. लाकडावरील लेपनाचे नामांकित अमेरिकन जाणकार रॉबर्ट फ्लेक्सनर यांनी या समजाविरुद्ध लेखणी झिजवली आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे, की घराघरांतील बहुसंख्य सामान संग्रहालयाच्या योग्यतेचे नसते. त्याचा लेप कुजला, चिकट झाला, तर माणसे ते टाकून देतात, आणि म्हणून नव्या लेपनानेच आजवर जुने सामान वाचवले आहे. हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु त्यातून प्रत्येक कपाटावर यंत्राचा पॉलिशपेपर फिरवण्याचा परवाना मिळत नाही. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली लंडनमध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हा तिला ‘खरवडविरोधी’ असेच टोपणनाव पडले होते, आणि त्यांचा रोष होता तो जुन्या चर्चना नवेपणा आणणाऱ्या सद्हेतूंच्या जीर्णोद्धारकांवर.

म्हणून घरातील शिसवी पेटीला किंवा आजोबांच्या आरामखुर्चीला हात लावण्यापूर्वी क्रम सांभाळावा. खाली भुकटी पडत असेल तर भुंगेरा आणि बारीक खसखशीसारखे दाणे पडत असतील तर वाळवी, हे ओळखून प्रथम किडीचा बंदोबस्त करावा. मग मळ पुसावा. मग एखाद्या अदृश्य कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावून लेप विरघळतो काय हे पाहावे. विरघळला तर ती बहुधा लाख आहे आणि रंध्याची गरज नाही.

उरला प्रश्न चंडीगढचा. पण तो चंडीगढपुरता नाही. आपल्याकडील तालुक्याच्या कचेऱ्या, न्यायालये आणि जुन्या शाळा यांतूनही सागवानी मेजे आणि वेताच्या खुर्च्या जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीतून ‘निरुपयोगी’ या एका शेऱ्याने उतरतात. निर्लेखनाचा प्रस्ताव होतो, समिती सही करते आणि लिलावदार गाडी घेऊन येतो. त्या कागदावर किंमत, वर्ष आणि क्रमांक यांचे रकाने असतात, परंतु सांधा सुटला आहे की लाकूड कुजले आहे, हा भेद नोंदवण्याची कुणाला निकड भासत नाही, वास्तविक पहिल्याला सरसाचे एक भांडे पुरते आणि दुसऱ्याला काहीच पुरत नाही. परदेशी लिलावगृहांवर संतापण्यापेक्षा निर्लेखन समितीवर एक जाणता सुतार नेमावा आणि त्याच्या अभिप्रायावाचून लाकडी सामान विकू नये, एवढा हुकूम काढणे शासनाला अशक्य नाही. त्याला मानधन द्यावे लागेल. पण एखादी खुर्ची परदेशी पुन्हा विकत घ्यायला निघालो तर जी रक्कम मोजावी लागेल, तिच्यात अशा सुतारांचे कित्येक वर्षांचे वेतन भागेल.