आभाळातले सव्वादोन गुंठे

वेल्ह्याच्या डोंगरात मावशीच्या गावाला फोनची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. संध्याकाळी टाकीच्या शिडीशी रांग लागते. वर गेलेला माणूस आधी फोन डोक्याच्या वर धरून एक प्रदक्षिणा घालतो, मग 'हॅलो' म्हणतो. मनोरा फार तर सात-आठ किलोमीटरवर असेल, पण मध्ये डोंगर आहे.

हाच फोन, त्यात एक स्क्रूही न बदलता, ५०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाशी बोलू शकतो म्हटल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

फोन जोर लावून ओरडतो तेव्हा त्याची ताकद सुमारे ०.२ वॅट. देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा याहून कितीतरी जास्त वीज खातो. फोनची लहर फुग्यासारखी चहूकडे फुगत जाते. ५०० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत त्या फुग्याच्या सालीचं क्षेत्रफळ होतं ३१ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. भारताचं क्षेत्रफळ आहे सुमारे ३२ लाख ८७ हजार. म्हणजे चमचाभर तूप जवळजवळ देशाएवढ्या पोळीवर पसरायचं आणि वरून कोणीतरी ते चाटून चव सांगायची.

पोळीवर तूप वाढवता येत नाही, कारण फोनची बॅटरी आणि ॲन्टेना आहे तेवढीच राहणार. मग उरतो एकच उपाय, जो एसटी स्टँडवरच्या आजोबांनाही ठाऊक असतो: कानामागे तळहात धरायचा. कान मोठा करायचा.

टेक्सासमधल्या मिडलंडच्या एएसटी स्पेसमोबाइल कंपनीने तेच केलं. २०२२च्या सप्टेंबरात तिने ब्लूवॉकर ३ हा चाचणी उपग्रह सोडला. घडी उलगडल्यावर त्याची ॲन्टेना ६४ चौरस मीटर झाली, म्हणजे निम्मं कबड्डीचं मैदान. २०२३मध्ये साध्या सॅमसंग फोनवरून त्याच्यामार्फत टेक्सासमधून जपानला कॉल लागला. त्याच्या पुढच्या पिढीतला ब्लूबर्ड ब्लॉक-२ आपल्याच श्रीहरिकोट्याहून गेला: २४ डिसेंबर २०२५, सकाळची वेळ, इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट, उपग्रहाचं वजन सुमारे ६,१०० किलो. भारतीय भूमीवरून उडालेला हा सर्वांत जड उपग्रह. त्याची ॲन्टेना २२३ चौरस मीटर. आपल्या मापात सांगायचं तर सव्वादोन गुंठे, सातबाऱ्यावर चढेल एवढी जागा, आभाळात पसरलेली.

तरी देशाएवढ्या सालीतून हे सव्वादोन गुंठे किती टिपणार? १,४०० कोटींतला एक भाग. उरलेलं सगळं वाया. हातात येतं ते एका वॅटचा सात हजार कोटीवा भाग, तोही झाडं, डोंगर यांची वजावट न करता. एवढ्या कुजबुजीतून शब्द उचलता येतात याचं मला अजूनही नवल वाटतं.

बरं, कान एका जागी उभाही नाही. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर त्याला दीड मिनिटाचे. त्यामुळे गाडीच्या शिटीचा सूर येताना चढतो आणि जाताना उतरतो, तसं लहरीचंही होतं. ८५० मेगाहर्ट्झवर हा चढउतार सुमारे २० किलोहर्ट्झ, आणि ४जीचे शेजारी-शेजारी धागे एकमेकांपासून फक्त १५ किलोहर्ट्झवर. न सावरलं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या घरात शिरायचा. शिवाय ४जीच्या नियमांत मनोरा जास्तीत जास्त १०० किलोमीटरवर धरलेला; त्याहून लांबून येणाऱ्या लहरीचा उशीर त्यांत बसत नाही. म्हणून उशीर आणि सूर, दोन्हींची दुरुस्ती पलीकडची यंत्रणा करते. बिचाऱ्या फोनला वाटतं, मनोरा गावातच आहे.

दुसरी वाट स्पेसएक्सची: कान लहान, पण उपग्रह साडेसहाशेच्या आसपास, आणि ते खाली, ३६० किलोमीटरच्या आसपास. अंतर कमी झालं की तूप वर्गाच्या हिशेबाने दाट होतं. तिथे सुरुवात मजकुराच्या संदेशांपासून झाली. मला स्वतःला मोठ्या कानाची वाट जास्त धाडसी वाटते, पण तिची किंमत आकाश बघणारे मोजतात. ब्लूवॉकर ३ उलगडल्यावर प्रश्वा ताऱ्याइतका तेजस्वी दिसल्याची नोंद 'नेचर'मध्ये २०२३ साली छापून आली. ते तर निम्मं मैदान होतं.

आणखी एक बारीक हिशेब. १५ मीटर रुंद ॲन्टेनातून ३५ सेंटीमीटरची लहर सोडली, तर जमिनीवर पडणारा ठिपका ढोबळमानाने बारा किलोमीटरचा. कंपनी एका ठिपक्याला १२० एमबीपीएसपर्यंत वेग सांगते. तो ठिपक्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा. वेल्ह्यात ठीक, दादरला कोणी नाव घेऊ नये.

आणि लहर इतकी अशक्त, की काँक्रीटच्या स्लॅबखाली तिची आशाच धरायला नको. उद्या ही सोय आपल्याकडे आली, तरी मावशीला फोनसाठी घराबाहेर यावंच लागणार. फक्त टाकीवर चढायचं नाही, अंगणात तुळशीपाशी उभं राहिलं तरी चालेल.