निकाल लागला, पण शिकलं काय?

2011-12 साली मुंबई विद्यापीठाने श्रेयांकांवर आधारित सत्र पद्धत आणली आणि रत्नागिरीतल्या कॉलेजांचं वेळापत्रकच बदललं. तोवर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलाची वर्षभराची कमाई उन्हाळ्यातल्या एका परीक्षेवर ठरायची. आता सहा सत्रं आली आणि सोबत 60:40 आलं. साठ गुण लेखी परीक्षेचे, चाळीस वर्गातल्या शिक्षकाच्या हातातले.

त्या चाळीस गुणांकडून मला फार आशा होती. लांजा, संगमेश्वर, पावसहून एसटीने येणारी मुलगी पेपरात दोन पानांपलीकडे लिहू शकत नाही, पण विचारलं तर नेमकं सांगते, हे तिच्या शिक्षकालाच ठाऊक असतं. मुंबईत बसून उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. प्रत्यक्षात गुण सढळ हाताने वाटले गेले, असाइनमेंट एकमेकांच्या पाहून उतरवल्या गेल्या. मग 75:25 झालं आणि पुढे पारंपरिक पदव्यांमधून अंतर्गत गुणच काढून टाकले. पद्धत राबवण्यात खोट होती, तर ती दुरुस्त करायला हवी होती. त्याऐवजी शिक्षकावरचा विश्वासच मोडीत काढला, असं मी आजही मानतो.

2017च्या उन्हाळ्यात ऑनस्क्रीन मूल्यांकनाचा, म्हणजे उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घोळ झाला. निकालासाठी राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. मुंबईपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर असलेल्या आमच्या मुलांना निकालाची वाट पाहत बसण्याखेरीज काही करता येत नव्हतं.

त्याच वर्षी महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने आपला आराखडा नव्याने मांडला. विद्यार्थ्याने काय शिकावं ते प्रत्येक अभ्यासक्रमासाठी लिहून जाहीर करा आणि ते साध्य झालं का हेही दाखवा, अशी अपेक्षा त्यात होती. 2014मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला, तेव्हा अभियांत्रिकीच्या क्षेत्रात हा विचार आधीच जोराने आला होता. रत्नागिरीचं फिनोलेक्स किंवा आंबवचं राजेंद्र माने महाविद्यालय ज्या क्षेत्रातलं, तिथे सीओ (विषयातून काय साध्य व्हावं), पीओ (पदवीतून काय साध्य व्हावं), मॅपिंग (त्यांची जोडणी), अटेनमेंट (ते किती साधलं) हे शब्द रोजचे झाले. मग ते कला-वाणिज्यच्या स्टाफरूममध्येही पोचले.

अटेनमेंटचा हिशेब साधा आहे. पेपरातला प्रत्येक प्रश्न एकेका सीओला जोडायचा, ठरलेल्या गुणांच्या वर किती मुलं गेली ते मोजायचं आणि त्यावरून एक, दोन किंवा तीन अशी पातळी लावायची. एक्सेलमध्ये हे चटकन होतं. घात होतो तो प्रश्नपत्रिकेत. सीओ म्हणतो, विद्यार्थी विश्लेषण करील. प्रश्न म्हणतो, टिपा लिहा. गाइडमधली टीप पाठ करून मुलाने सातपैकी सहा मिळवले की तक्त्यात विश्लेषणाची तिसरी पातळी उमटते. तक्ता निर्दोष असतो आणि मुलाने कशाचंही विश्लेषण केलेलं नसतं. नॅकच्या फायलींसाठी शिक्षकांनी जागवलेल्या रात्रींतली निम्मी मेहनत प्रश्न काढण्यावर लागली असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

याउलट काय मोजायचं ते कामातूनच मोजणारं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरी शहराजवळच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या तिथल्या पदवीत प्रत्यक्ष कामाला मोठी जागा आहे. तळ्यातली कोळंबी जगली की मेली, याचं उत्तर गाइडमध्ये सापडत नाही. इतिहास-मराठीच्या माणसांनी तिथून शिकण्यासारखं पुष्कळ होतं.

2020मध्ये, कोरोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाची परीक्षा बंधनकारक ठरवली. ती ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांची झाली. नेटवर्कसाठी सड्यावर जाऊन बसलेल्या मुलांचं काय मोजलं गेलं, यावर आपण नंतर गंभीरपणे बोललोच नाही.

2024-25पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांतही लागू झालं. क्षेत्रीय प्रकल्प, कार्यप्रशिक्षण आलं आणि अंतर्गत चाळीस गुणही परतले. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आता स्वायत्त आहे, म्हणजे प्रश्नपत्रिकाही आपलीच. मग इतिहासाच्या मुलांना उक्षी, जांभरुण, कशेळीच्या कातळशिल्पांकडे न्या. 2022पासून ही स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. एक आकृती मोजून काढा, तिच्याबद्दल काय ठामपणे म्हणता येतं आणि काय नाही ते लिहा, असं सांगा. ते काम शिक्षकाने मुलासमोर बसून वाचायला हवं. त्यासाठी रिकाम्या पडलेल्या प्राध्यापकांच्या जागा आधी भराव्या लागतील, कारण तासिका तत्त्वावरचा शिक्षक पुढच्या कॉलेजची एसटी गाठायला निघालेला असतो.