जांभळाच्या बियांची कसोटी

जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर घेण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी असून, ‘सायझिजियम क्युमिनी’ या शास्त्रीय नावाच्या या वृक्षाचा मधुमेहाच्या संदर्भातील अभ्यास भारताप्रमाणे ब्राझीलमध्येही झालेला आहे. मात्र प्रयोगशाळेत एखादी वनस्पती ‘गुणकारी’ ठरते, तेव्हा तेथे नेमके काय तपासले गेले हे कळल्याखेरीज त्या शब्दाचे मोल ठरत नाही.

तपासणीचा आरंभ ओळखीपासून होतो. गोळा केलेला नमुना त्याच जातीचा असल्याची खात्री वनस्पतिशास्त्रज्ञांकडून करून घेतली जाते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र असे काम करते. त्यानंतर बिया सावलीत वाळवून दळल्या जातात आणि पाणी, मिथेनॉल यांसारख्या द्रावकांत त्यांतील घटक उतरवून अर्क तयार केला जातो. कोणत्या द्रावकात कोणते घटक उतरतील हे त्याच्या स्वभावावर अवलंबून असल्यामुळे एकाच बियांचे दोन अर्क वेगवेगळे निष्कर्ष देऊ शकतात.

पहिली कसोटी ऑक्सिडीकरणरोधक गुणाची, म्हणजेच अँटिऑक्सिडंट क्षमतेची असते. शरीरातील रासायनिक क्रियांत ‘मुक्त मूलके’ नावाचे अस्थिर कण तयार होतात, ते पेशींना इजा करतात आणि रक्तातील साखर सतत वाढलेली राहिल्यास त्यांचे प्रमाणही वाढते. अर्क अशा कणांना शमवतो का, हे पाहण्यासाठी १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी मांडलेली ‘डीपीपीएच’ पद्धत आजही सर्रास वापरली जाते. या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते आणि त्यातील मुक्त मूलक शमताच ते पिवळट होत जाते. म्हणजे जांभळाच्या बियांची परीक्षा जांभळा रंग किती उतरला यावरून होते. हा उतार ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजून निम्मी मूलके शमवण्यास लागणारी अर्काची मात्रा काढली जाते व तिची तुलना क जीवनसत्त्वाशी केली जाते. मात्रा जितकी कमी, तितका अर्क प्रभावी.

दुसरी कसोटी साखरेची असते. अन्नातील पिष्टाचे विघटन अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज ही विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना गती देणारी प्रथिने, करतात. त्यांचे काम मंदावले की जेवणानंतर रक्तात साखर सावकाश मिसळते. अकार्बोज हे प्रचलित औषध याच तत्त्वावर चालते आणि म्हणून अर्काची तुलना त्याच्याशी केली जाते. येथे एक चकवा असतो. जांभळाच्या बियांत भरपूर असलेली तुरट टॅनिन द्रव्ये कोणत्याही प्रथिनाला चिकटू शकतात, त्यामुळे विकर अडले म्हणजे नेमका औषधी घटक सापडला, असे होत नाही.

परीक्षानळीनंतर पाळी येते ती उंदरांची. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या जातात. परंतु बहुसंख्य रुग्णांना जडणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद घटल्याने सुरू होत असल्यामुळे हे साम्य अपुरे असते. अंतिम निवाडा माणसांवरील चाचणीनेच होतो. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहासाठी पिण्याची प्रथा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत या चहाने रुग्णांची उपाशीपोटीची साखर कमी झाली नाही, ग्लायबुराइड या औषधाने मात्र झाली. ती चाचणी पानांची होती, बियांची नव्हे. तरीही केवळ लोकप्रथा हा पुरावा नव्हे, एवढे तिने दाखवले.

वनस्पतीतून औषध निघतच नाही असे नाही. मेटफॉर्मिन या औषधाचे मूळ ‘गॅलेगा’ या युरोपीय वनस्पतीच्या अभ्यासात आहे, पण १९२२ मध्ये प्रथम तयार झालेले ते रसायन १९५७ मध्ये मधुमेहावरील उपचार म्हणून मांडले गेले. म्हणूनच जांभूळ आवडीने खावे, बियांवरील संशोधनाचे स्वागत करावे. मात्र चूर्णाच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये, आणि चूर्ण घ्यायचेच असेल तर त्यांना सांगून घ्यावे.