पावसात घोड्याचे पाय का चिघळतात?

माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे पावसाळ्यातही घोडे तांबडा चिखल तुडवत असतात. मग खुरांच्या वर दुखऱ्या खपल्या धरतात.

भातलावणीत आपल्याला चिखल्या होतात, तशीच ही गत. ओलीने कातडी मऊ पडते, मातीच्या कणांनी खरचटते आणि ‘डर्माटोफिलस’ हा जीवाणू आत शिरतो. खपलीखाली ओल टिकते, तिथेच तो फोफावतो. म्हणून खपल्या काढायला हव्यात, पण ओरबाडू नयेत. भिजवून, अलगद सोडवाव्यात. क्लोरहेक्झिडिनच्या सौम्य द्रावणाने धुवावं आणि पाय पूर्ण कोरडा करावा. खरा उपचार हाच. ओल्या पायावर मलम चोपडलं तर ओल आतच कोंडते. चिखलही रोज धुण्यापेक्षा वाळवून ब्रशने झाडलेला बरा. पाय सुजला, घोडा लंगडला, तर पशुवैद्याला लगेच बोलवा.