गडावरचे पाणी

दिवाळी आली की आमच्या इमारतीच्या आवारात बाळगोपाळांचा किल्ला उभा राहतो. विटा, माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव! चुकून कोणाचा पाय पडला, तर त्याची धडगत नसते. गेल्या दिवाळीत आमच्या भाचेसाहेबांनी फर्मान काढले, "मामा, आता खरा गड दाखव."

झाले! आम्ही हरिश्चंद्रगड गाठला. उंची 1,424 मीटर. पाचनईच्या वाटेने धापा टाकीत वर आलो. हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव देऊळ पाहिले, कोकणकड्यावर पालथे पडून खालचे कोकण न्याहाळले आणि डबे सोडले. जेवणे आटोपल्यावर मीच ऐटीत म्हणालो, "बाळ, साबण घे आणि डबे त्या टाक्यावर विसळून आण."

पोर निघाले. एवढ्यात शेजारच्या झोपडीत पिठलेभाकरी करणाऱ्या आजी लगबगीने पुढे आल्या. "दादा, घरच्या रांजणात खरकटं बुडवता का हो? हेच पाणी आम्ही पितो."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भाचा माझ्या तोंडाकडे पाहत होता!

खरेच, टाके म्हणजे काही वाहती नदी नव्हे. कातळात खोदलेली ती एक कोठी. पावसाळ्यात भरायची आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवायची. तिच्यात पडलेला साबण वाहून जाणार कोठे? आपण संध्याकाळी घरी परतून नळ सोडतो. पण मागे राहणाऱ्यांच्या, गुराढोरांच्या आणि रानातल्या मुक्या जिवांच्या वाट्याला आपला फेस येतो. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तेथले यजमान ते, आपण पाहुणे!

आजींनी मग आम्हांला तांब्याभर पाणी काढून दिले. टाक्यापासून साठसत्तर पावले दूर जाऊन, साबणाशिवाय, राखेने आम्ही डबे घासले. लख्ख निघाले! शौचाचा नियमही हाच. पाण्यापासून आणि वाटेपासून तितकेच दूर जावे, वीतभर खड्डा करावा आणि मातीने बुजवावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

उतरताना भाच्याला नागमोडी वाट सोडून सरळ खाली धावायचा मोह झाला. त्याला थांबवले. एकाच्या मागून दहा जण असे उतरले की गवत मरते, माती सुटते आणि पावसाळ्यात त्या आडवाटेचा ओहोळ होतो. गडाची माती अशीच पायापायाने खाली जाते.

दिवाळीनंतर गवत वाळू लागते. तेव्हा शेकोटीची हौस घरीच ठेवावी, एक ठिणगी सारा डोंगर पेटवते. कड्याला आग्यामोहोळ दिसले तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा यांपासून दूर राहावे, नाहीतर जिवावर बेतते. दगडावर नावे कोरू नयेत, हे वेगळे सांगायला हवे काय?

आणि कचरा? बिस्किटाचा कागद वर नेताना जड होत नाही, मग रिकामा खाली आणताना का व्हावा? केळ्याची सालही टाकू नये. माकडांना एकदा चटक लागली की ती पिशव्या हिसकावू लागतात. त्यापेक्षा वरच पिठलेभाकरी घ्यावी. वेष्टने कमी होतात आणि चार पैसे गावात राहतात. आम्ही येताना आजींकडे ताक प्यालो. त्यांनी आमची चूक पोटात घातली होती.

जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, साल्हेर आदी बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा आपली छाती फुगली. आता त्या मानाबरोबर आपली पावलेही जपून पडायला हवीत.

यंदा भाच्याने आवारातल्या किल्ल्यावर वाटीएवढे टाके केले आहे. शेजारी पुठ्ठ्याची पाटी लावली आहे : "येथे डबे धुऊ नयेत. हुकुमावरून."

रोख कोणावर आहे, हे मला विचारू नका!